पंचविसावं मशीन

कॉम्प्युटरवर एरर आली म्हणून टाळी वाजवणारा माणूस तुम्ही पाहिलाय का कधी? आम्ही पाहिलाय. माणूस म्हणजे बाई. आमच्या कॉलेजच्या सिस्टिम ॲडमिन मॅडम. पडद्यावर लाल फुली आली की आमची तोंडं उतरायची, आणि त्या मात्र खुर्ची पुढे ओढायच्या, तळहातावर तळहात आपटायच्या आणि म्हणायच्या, "वा! मज्जा शे!"

"यात मज्जा कसली, मॅडम?" मी पहिल्यांदा विचारलं होतं.

"नाना, एरर आली म्हणजे मशीन बोलायला लागलं. मुक्या मशीनचं काय करता? हे बोलतंय ना, मग कुठं दुखतंय तेही सांगेल."

मी शहाद्याबाहेर, लोणखेड्याच्या पुढे असलेल्या एका लहानशा कॉलेजात ग्रंथपाल. पुस्तकं मुकीच बरी, अशा मताचा. त्यामुळे ही बाई मला आधी थोडी जास्तच वाटली. उंच, खणखणीत आवाजाची, साडीवर स्पोर्ट्‌सचे बूट. स्कूटीच्या हँडलला निळ्या केबलचं वेटोळं आणि पर्समध्ये कंगव्याशेजारी केबलला टोकं बसवायची पक्कड. माहेर ब्राह्मणपुरीचं, केळी-कापसाचं मोठं खटलं. पुण्यात एका कंपनीत बरीच वर्षं सर्व्हर सांभाळले, मग वडील अंथरुणाला खिळले म्हणून गावी परतल्या. वडील गेले, त्या राहिल्या. मीटिंगमध्ये स्वच्छ पुणेरी मराठी बोलायच्या. उत्साह चढला की मात्र अहिराणी सुटायची, आणि उत्साह त्यांना दिवसातून दहा वेळा चढायचा.

त्यांच्यासाठी सर्व्हर रूम म्हणून जी खोली मिळाली, ती आधी जिमखान्याची होती. एका कोपऱ्यात सर्व्हर गुणगुणायचा, दुसऱ्या कोपऱ्यात व्हॉलीबॉलच्या जाळ्या आणि फुटके कॅरम. सर्व्हरसाठी एसी बसला तेव्हापासून मे महिन्यात प्राचार्यांना त्या खोलीत फार महत्त्वाची कामं निघायला लागली.

"सर, तुम्ही आलात की तापमान वाढतं," मॅडम तोंडावर सांगायच्या. प्राचार्य हसायचे आणि आणखी थोडा वेळ बसायचे.

आता मूळ गोष्टीकडे येतो. ती सुरू होते नाशिकला, एका बंद गेटसमोर.

आमच्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या मावशी धडगावकडच्या. त्यांची मुलगी मीना आमच्याकडेच बारावीला होती. तिला नर्सिंगला जायचं होतं. प्रवेश परीक्षा ऑनलाइन, आणि केंद्र आलं नाशिकचं. मावशी कधी धुळ्याच्या पुढे गेलेल्या नाहीत. मॅडम म्हणाल्या, "मी जाते बरोबर." मीना आणि त्या, दोघी एसटीने निघाल्या. वाटेत गाडी बिघडली, दुसऱ्या गाडीची वाट बघण्यात वेळ गेला, आणि केंद्रावर पोचल्या तेव्हा गेट नुकतंच बंद झालं होतं. मॅडमनी वॉचमनशी वाद घातला, विनवण्या केल्या, आत फोन लावायला लावला. नियम म्हणजे नियम. गेट उघडलं नाही.

परत आल्यावर त्या थेट वाचनालयात आल्या आणि माझ्यासमोर बसल्या.

"नाना, ती रडली नाही हो. रडली असती तर बरं झालं असतं. हॉल तिकिटाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि मला म्हणते, 'मॅडम, आता आलोच आहोत तर गोदावरी बघू या का?'"

मग त्या उठल्या आणि प्राचार्यांच्या केबिनमध्ये शिरल्या. दार लोटलेलं होतं, तरी आवाज व्हरांड्यात येत होता.

"सर, परीक्षेचं केंद्र आपल्याकडे पाहिजे. लॅब आहे, जनरेटर आहे, मी आहे. आणखी काय लागतं?"

आणखी बरंच काही लागतं, हे पुढच्या वर्षीच्या परीक्षेआधी ती घेणाऱ्या एजन्सीचा तपासणीस आला तेव्हा कळलं. गृहस्थ सभ्य होते. लॅबमधून फिरले, खुर्च्या मोजल्या, जनरेटर सुरू करून बघितला. मग एका पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे पुसट अक्षरांत लिहिलेलं होतं की ही ऑपरेटिंग सिस्टिम अजून ॲक्टिव्हेट झालेली नाही. शेजारच्या पडद्यावर तेच. त्याच्या शेजारी तेच.

"परीक्षेच्या मध्येच हे मशीन काही सूचना दाखवायला लागलं, तर जबाबदार कोण?" ते म्हणाले. "मी पुढच्या आठवड्यात पुन्हा येतो. सगळी मशीन्स रीतसर परवान्यावर दिसली पाहिजेत. नाहीतर यंदा हे केंद्र दुसऱ्या जिल्ह्यात जाईल."

गंमत अशी की परवाने होते. संस्थेने एकगठ्ठा रीतसर घेतलेले होते. ते मशीनपर्यंत पोचवायचे असतात, हे कुणाला ठाऊक नव्हतं. मॅडम येण्याआधी एका दुकानदाराने लॅब बसवून दिली होती, आणि तो गेला तो गेलाच.

मॅडमना तर जत्रा आल्यासारखं झालं. त्यांनी स्टाफरूमच्या फळ्यावर खडूने आकृती काढून आम्हा सगळ्यांना समजावलं. एकेका मशीनला परवान्याचा लांबलचक क्रमांक टाकत बसायचं नाही. आपल्याच सर्व्हरला मान्यता देणारा करायचं. मशीन सुरू झालं की नेटवर्कवरून ते आपल्या सर्व्हरला विचारेल, सर्व्हर हो म्हणेल, संपलं. पुढेही ते आपणहून अधूनमधून विचारत राहील आणि सर्व्हर हो म्हणत राहील. कुणी हात लावायला नको.

"फक्त एक अट आहे," त्या म्हणाल्या आणि फळ्यावर मोठा पंचवीसचा आकडा काढला. "कमीत कमी पंचवीस वेगवेगळी मशीन्स विचारायला आल्याशिवाय सर्व्हर एकालाही हो म्हणत नाही."

"म्हणजे कोरम!" प्राचार्य म्हणाले. वार्षिक सभेचा कोरम भरता भरता त्यांचे केस पांढरे झालेले.

"एकदम बरोबर, सर! कोरमच!"

लॅबमध्ये वीस मशीन्स होती. कार्यालयात चार, वाचनालयात दोन. प्राध्यापकांचे लॅपटॉप घरगुती वापराच्या आवृत्तीचे, त्यांना हा परवाना चालत नाही. हिशेब लावला तर कोरम जेमतेम भरत होता. चिंता करावी इतपत जेमतेम.

तपासणीस येणार त्याच्या आदल्या दिवशी सकाळी मॅडमनी सर्व्हर तयार केला. नेटवर्कवर त्याचा पत्ता जाहीर केला, फायरवॉलमध्ये वाट उघडली, आणि लॅबमधली सगळी मशीन्स एकदम सुरू केली. मी मुद्दाम बघायला गेलो होतो. प्राचार्य होते, लेखा विभागाचे अप्पा होते. सर्व्हरच्या पडद्यावर किती मशीन्स विचारून गेली त्याचा आकडा दिसणार होता.

आकडा आला. एक.

आम्ही थांबलो. पुन्हा बघितलं. एक.

"वीसच्या वीस सुरू आहेत ना?" अप्पांनी विचारलं.

"सुरू आहेत."

"मग बाकीची काय झोपली?"

मॅडम पडद्याच्या अगदी जवळ गेल्या. नोंदी वर-खाली करून वाचल्या. मग एकदम टाळी. "वा! मज्जा शे! नाना, आठे या, देखा! बठ्ठा एकज नाव सांगी ऱ्हायनात!"

मला काही कळलं नाही. त्यांनी उलगडून सांगितलं. प्रत्येक मशीनला आतून स्वतःची एक ओळख असते. दुकानदाराने एकच मशीन नीट बसवलं होतं आणि त्याचीच हुबेहूब नक्कल बाकी एकोणिसांवर उतरवली होती. ओळखीसकट. त्यामुळे वीस मशीन्स एकामागून एक सर्व्हरच्या दारात जात होती आणि सगळी तेच नाव सांगत होती. सर्व्हरच्या दृष्टीने एकच मशीन वीसदा येऊन गेलं होतं.

"आता?" प्राचार्यांच्या कपाळावर घाम. एसी सुरू असून.

"आता एकेकाची ओळख पुसायची, मशीन बंद करून सुरू करायचं, म्हणजे ते नवी ओळख घेऊन उठतं. मग विचारायला पाठवायचं. व्हई जाई, सर."

तेवढ्यात अप्पा माझ्या कानाशी आले, आणि मग धीर करून मॅडमनाच म्हणाले, "ताई, रागावू नका. आमच्या भाच्याकडे एक पेन ड्राइव्ह आहे. लावला की दोन मिनिटांत सगळं ॲक्टिव्हेट दाखवतं. त्याने निम्म्या शहाद्यातली मशीन्स तशीच केलीत. तपासणीसाला काय कळतंय?"

अप्पा मनाने फार चांगले. कॉलेजची अब्रू जाऊ नये एवढंच त्यांच्या मनात. पण मॅडमचा चेहरा असा झालेला मी आधी कधी बघितला नव्हता, नंतरही नाही.

"अप्पा, परवाना आपल्याकडे हक्काचा आहे. मग चोराच्या वाटेने का जायचं? आणि त्या पेन ड्राइव्हमधून मशीनमध्ये काय काय शिरेल, ते तुमचा भाचा सांगेल का? उद्या मीना प्रश्न सोडवतेय आणि मशीन मध्येच बंद पडलं, तर मी तिला काय सांगू? पुन्हा एकदा गोदावरी बघून ये?"

अप्पा खुर्ची सरकवत म्हणाले, "मला काय करायचं ते सांगा."

"तुम्ही टाइप छान करता. या पहिल्या रांगेत बसा."

अशा रीतीने आमच्या कॉलेजात कधी नव्हे तो सगळा स्टाफ कॉम्प्युटर लॅबमध्ये जमला. मॅडमनी फळ्यावर एकाखाली एक तीन आज्ञा लिहिल्या. पहिली, ओळख पुसायची; दुसरी, मशीन बंद करून सुरू करायची; तिसरी, सर्व्हरला विचारायची. भूगोलाच्या मॅडम, मराठीचे सर, अप्पा, मी, सगळे आपापल्या मशीनसमोर. मॅडम रांगांतून फिरत होत्या, कुणाचं मशीन सावकाश उठत असेल तर त्याच्या डोक्यावर थोपटत होत्या, "उठ व मन्ही माय, उठ!"

प्राचार्य सर्व्हर रूममध्ये जाऊन आकडा वाचत होते. दोन्ही खोल्यांच्या मध्ये व्हरांडा. ते दारात येऊन ओरडायचे.

"चार!"

"सहा! सात!"

"अकरा!"

मतमोजणीच्या दिवशी तहसीलबाहेर असतो तसा आमचा नूर झाला. मुलं खिडक्यांना लोंबकळून बघायला लागली. वसतिगृहातून मावशी चहाची किटली घेऊन आल्या आणि कुणीतरी त्यांना हे सगळं कशासाठी चाललंय ते सांगितलं. त्या किटली हातात धरून दारातच उभ्या राहिल्या. "कितला व्हयनात?" येणारा-जाणारा विचारायचा. "सतरा!" मुलंच उत्तर द्यायची.

बंद करून सुरू करताना लॅबमधल्या एका मशीनची हार्ड डिस्क मेली, ते उठलंच नाही. लॅबचा आकडा एकोणीसवर थांबला. कार्यालयातली चार मशीन्स जोडली, तेवीस. माझ्या वाचनालयातलं नवं मशीन, चोवीस.

आणि तिथे आकडा अडकला.

उरलं होतं माझं जुनं मशीन. वाचकांनी पुस्तक शोधावं म्हणून ठेवलेलं, ज्यावर वाचक फक्त पत्ते खेळायचे. ते सर्व्हरला विचारत होतं आणि सर्व्हर त्याला दारातूनच परत पाठवत होता. आम्ही सगळे वाचनालयात लोटलो. मॅडमनी एरर वाचली, आणि खाली कोपऱ्यातल्या घड्याळाकडे बघितलं.

"नाना, तुमचं मशीन अजून कितीतरी वर्षं मागे आहे!"

खरंच होतं. त्या मशीनची तारीख जुन्याच वर्षात अडकलेली होती. मशीनचं आणि सर्व्हरचं घड्याळ जुळत नसेल तर सर्व्हर त्याला उभं करत नाही. मॅडमनी तारीख-वेळ दुरुस्त केली, मशीन विचारायला निघालं, आणि तेवढ्यात लाइट गेली. जनरेटर लॅब आणि सर्व्हरपुरता. वाचनालयातलं मशीन बंद. लाइट आली, मशीन उठलं, तारीख पुन्हा जुनी.

"आतला सेल मेलाय," मॅडम म्हणाल्या. त्यांनी झाकण उघडलंच होतं. नखाएवढी, नाण्यासारखी गोल बॅटरी काढून त्यांनी आम्हाला दाखवली. "असा सेल आहे कुणाकडे?"

शहाद्याला जाऊन यायचं म्हटलं तर बाजार बंदचा वार. कुणी मनगटी घड्याळ काढलं, त्यातला सेल लहान. कुणी कॅल्क्युलेटर उघडला, त्यातला वेगळा. आणि मग प्राचार्यांनी खिशात हात घातला. नवीन गाडी घेतल्याला त्यांना महिनाही झाला नव्हता. त्या गाडीची किल्ली ते दिवसातून कितीदा तरी दाबून बघायचे, गाडी खाली पार्किंगमध्ये कुईंक करायची, आणि त्यांचा चेहरा फुलायचा. ती किल्ली त्यांनी मॅडमच्या हातात ठेवली.

"बघा बरं, यातला बसतो का."

मॅडमनी पिनेने किल्ली उघडली. सेल बाहेर काढला, दोन्ही शेजारी शेजारी धरले. तोच.

वाचनालयात, नियमाप्रमाणे, शांतता. मशीन उठलं. तारीख भरली. मॅडमनी मला खुर्चीत बसवलं. "नाना, तुमचं मशीन आहे, तुम्हीच पाठवा." मी तिसरी आज्ञा टाइप केली. एंटर दाबलं.

व्हरांड्याच्या त्या टोकाला प्राचार्य धावत गेले होते. मग त्या भारदस्त गृहस्थांचा आवाज असा आला की झाडावरचे बगळे उडाले.

"पंचवीस! पंचवीस! कोरम भरला!"

"आते बठ्ठा एंटर दाबा!" मॅडम लॅबकडे पळत सुटल्या. साडीचा पदर कमरेला, पायात ते बूट. आम्ही मागे. प्रत्येकाने आपापल्या मशीनवर पुन्हा विचारणा पाठवली, आणि एकामागून एक पडद्यांवर ती छोटी चौकट उगवायला लागली, ॲक्टिव्हेशन यशस्वी झालं म्हणून. पहिली रांग, दुसरी रांग, मागची रांग. कोपऱ्यातली पुसट अक्षरं गेली. मुलांनी बाकं वाजवली. अप्पांनी आपल्या पडद्यावरची चौकट पुसायलाच नकार दिला, "राहू द्या थोडी." मराठीचे सर आणि भूगोलाच्या मॅडम, ज्यांचं वेळापत्रकावरून सहा महिने बोलणं बंद होतं, एकमेकांच्या हातावर टाळ्या देत होते.

मावशींना त्या चौकटीतलं काही वाचता आलं नाही. त्यांनी मॅडमना विचारलं, "म्हणजे आता परीक्षा इथंच?"

"इथंच, मावशी."

मावशींनी किटली खाली ठेवली आणि मॅडमचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. मॅडमनी त्यांना तसंच नेऊन पहिल्या रांगेतल्या एका पडद्यासमोर खुर्चीत बसवलं.

दुसऱ्या दिवशी तपासणीस आले. एकेक पडदा बघत गेले, मान हलवत गेले. त्यांना कालचं काहीच माहीत नव्हतं आणि कुणी सांगितलंही नाही. जाताना म्हणाले, "व्यवस्थित आहे." एवढंच. केंद्र मिळालं.

परीक्षेच्या सकाळी मी गेटजवळ उभा होतो. धडगाव, तळोदा, अक्कलकुव्याकडची मुलंमुली जीपमधून, मोटारसायकलवरून उतरत होती. कोरीटचा एक शेतकरी तर मुलाला ट्रॅक्टरवरून घेऊन आला होता. मीना वसतिगृहातून चालत आली, न्हालेले केस अजून ओले. आत जाताना तिने एकदा मागे वळून गेटकडे बघितलं. ते सताड उघडं होतं. तीन तास मॅडम सर्व्हर रूममध्ये पाणीसुद्धा न पिता बसून होत्या. कुठल्याच मशीनने हूं की चूं केलं नाही. त्यांची त्या दिवशी जरा निराशाच झाली असावी.

मीना आता धुळ्याला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे.

मॅडम मात्र आमच्याकडे फार टिकल्या नाहीत. जिथे सगळं सुरळीत चालतं तिथे त्यांचं मन रमत नसे. डोंगरातल्या आश्रमशाळांमध्ये कॉम्प्युटर आणि नेटवर्क बसवायचं काम निघालं. तिथे वीज कधी येईल याचा भरवसा नाही, टॉवर दिसतो पण लागत नाही, केबल उंदीर खातात. त्यांनी हे सगळं मला इतक्या आनंदाने सांगितलं, की कुणाला वाटावं बाईला काश्मीरची सहल लागलीय. निरोप समारंभ त्यांनी होऊ दिला नाही. "भाषणं नको, नाना. भरीत-भाकरी ठेवा." शेतात भरीत केलं, मावशींनी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापल्या, आणि दुसऱ्या सोमवारी त्यांची स्कूटी पार्किंगमध्ये नव्हती.

आमची मशीन्स अजूनही सर्व्हरला विचारतात, सर्व्हर अजूनही हो म्हणतो. हे घडतंय हे कुणाला कळतसुद्धा नाही. काही बिघडलं तर आम्ही एका माणसाला फोन करतो, तो येतो, दुरुस्त करून जातो. चांगला आहे. पण एरर आली की तो उसासा टाकतो. आणि प्राचार्य हल्ली मे महिन्यात स्वतःच्या केबिनमध्येच बसतात. एसी आहे तसाच आहे, पण त्या खोलीत जावंसं वाटत नाही म्हणे.

मॅडमना मी शेवटचं पाहिलं ते गेल्या वर्षी, बाजाराच्या दिवशी. धडगावकडे जाणारी जीप शहाद्याच्या चौकात भरत होती. आत डोंगरातल्या बाया, टोपल्या, गाठोडी, आणि त्यांच्या मधोमध दाटीवाटीने मॅडम. मॉनिटरचं खोकं त्यांच्या शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या पावरा आदिवासी बाईने मांडीवर घेतलं होतं, खड्ड्यात आदळू नये म्हणून लेकराला धरावं तसं दोन्ही हातांनी कवटाळून. आणि त्या म्हातारीची कोंबडी मॅडमच्या मांडीवर होती. कोंबडी पदरातून मान काढून बाजार बघत होती, मॅडम हात हलवून काहीतरी सांगत होत्या आणि अख्खी जीप हसत होती.

मी हाक मारली. जीप सुरू झाली होती, त्यांना ऐकू गेलं नाही.